राज्यपक्षी उंबरावर, कांदा चाळीत

"बाई, ओ बाई! आपल्या राज्याचा प्राणी कोणता वो?"

सकाळी साडेसातला मेंदीच्या कुंपणापलीकडून हा प्रश्न आला. निफाड तालुक्यातल्या आमच्या सायखेड्यात या वेळेला कुंपणावरून विचारायचे प्रश्न वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. नळ आला का, काल मार्केटला काय भाव निघाला, आणि कोपऱ्यावरच्या घरी मुलगी बघायला आलेले पाहुणे कोणत्या गावचे. राज्याचा प्राणी यात कुठंच बसत नाही. पण मी शाळेतून निवृत्त झाले तरी काही अडलं की 'बाईंना विचारा' ही गावाची सवय काही गेलेली नाही. हातातला झाडू ठेवून कुंपणाशी गेले.

"काय झालं माई?"

"अहो, अमेरिकेतनं नातीचा फोन आलाय, जॉर्जियातनं. तिकडं रात्रीचे दहा वाजले, पोरगी झोपायची थांबली. तिच्या राज्याचा पक्षी, फूल, फळ सगळं तिला पाठ. आता तिची बाई म्हणती, आजीच्या गावचं राज्य सांगा. उद्या शाळेत द्यायचंय. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, वाघ."

"वाघ देशाचा. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू."

"हे काय असतंय?"

"खार. पण केवढी! शेपटीसकट जवळजवळ तीन फूट. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर. भीमाशंकरच्या जंगलात असते. या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फुटांची उडी मारते, खाली म्हणून उतरत नाही. आणि घरटं एक बांधून भागत नाही तिचं, एकाच शेकरूची अनेक घरटी असतात."

"म्हंजी एक मुंबईला, एक नाशकाला अन् एक गावाकडं." माईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. राज्याचा म्हणून निवडलाय ते उगीच नाही. अन् पक्षी?"

"हरियाल. ते बघा, तुमच्याच उंबरावर बसलेत."

माईंच्या परसातला उंबर नदीच्या अंगाला आहे. पिकलेल्या उंबरांचा हंगाम असला की सकाळच्या उन्हात हरियालांचा थवा शेंड्यावर असतो. दिसत मात्र पटकन नाहीत. पानांच्या रंगाचेच पिवळट हिरवे, डोकं राखी, खांद्यावर फिक्या जांभळ्या रंगाचा डाग आणि पाय हळदीसारखे पिवळे. कबुतराच्या जातीचा पक्षी, पण घुमत नाही, शीळ घातल्यासारखा बोलतो. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो आणि सहसा जमिनीवर उतरत नाही. उत्तर हिंदुस्थानात तर अशी समजूत आहे की तो खाली आलाच तर पायात काडी धरून येतो, म्हणजे भुईला पाय लागायला नको.

"हे राज्याचे पक्षी?" माई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "अन् मी रोज सकाळी त्यांना शिव्या घालती! निम्मी उंबरं अंगणात पाडत्यात, झाडता झाडता कंबर जाती. बाई, एक सांगा. प्राणी झाडावर, पक्षी झाडावर. राज्याचं कोणीच खाली उतरायला तयार नाही का?"

याचं उत्तर शासनाच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

माईंना एक शंका आणखी होती. इथून खाली गेलं की नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथं इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्याच्या मागं साचलेला गाळ, पाणथळ, आणि थंडीत परदेशातून येणारी हजारो पाखरं. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. २०२० मध्ये रामसर यादीत त्याचं नाव आलं, आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं. एवढी पाखरं दाराशी असताना त्यातलं एक का नाही घेतलं? मी म्हटलं, ती पाहुणी. थंडी संपली की जातात. हरियाल बारा महिने इथलाच. माईंना हे पटलं. मतदार यादीत नाव लागतं तसंच काहीसं त्यांनी मनाशी बसवलं असावं.

फूल ताम्हण. झाड आंबा. आंब्यावर चर्चा झाली नाही, कोण करणार? ताम्हण मात्र सायखेड्यात कमीच. कोकणात ओढ्याकाठी रानात असतं आणि शहरात रस्त्याकडेला हौसेनं लावतात. एप्रिल-मे महिन्यात जांभळ्या झुपक्यांनी असं भरतं की महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला सजावट केल्यासारखं दिसतं. खारफुटीचंसुद्धा राज्याचं एक झाड आहे, पांढरी चिप्पी. २०२० मध्ये तो मान दिला, आणि असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. माईंनी नातीसाठी ते लिहून घेतलं आणि खारफुटी म्हणजे काय ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पोरगी तिकडं जागी होती.

फुलपाखरावर मात्र आम्ही अडकलो.

"नीलवंत," मी म्हटलं. "कोणी राणी पाकोळीही म्हणतात. २०१५ मध्ये जाहीर केलं. राज्याचं म्हणून फुलपाखरू आपणच देशात पहिल्यांदा निवडलं. मोठं असतं, तळहाताएवढं, काळं मखमली आणि पंखांवर निळ्या रंगाचे पट्टे. लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं."

माई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी माझ्या लिंबोणीवर त्या पाखराच्या विष्ठेसारख्या अळ्या होत्या…"

"त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्या साध्या फुलपाखराच्या असतात. पण नीलवंताच्याही असू शकतात."

"मी फवारा मारला ना वो!"

"कोणाला सांगू नका."

एवढ्यात माईंचे यजमान, आप्पा, कांदाचाळीकडून आले. उन्हाळ कांदा निवडायचं काम चालू होतं, बाया गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढत होत्या, त्यामुळे डोक्याला फडकं आणि अंगावर कांद्याची टरफलं. आप्पांची एक खोड आहे. कोणत्याही विषयावर बोलत असलात तरी ते शेवटी कांद्यावरच येतात, आणि तेही पाच मिनिटांच्या आत.

"मासा कोणता?" त्यांनी विचारलं. मागचं सगळं ऐकलं होतं तर.

"पापलेट. २०२३ मध्ये जाहीर झालं."

"पापलेट! सायखेड्यात पापलेट बर्फात येतंय. आमच्या गोदावरीतल्या मरळीनं काय घोडं मारलं?"

"आप्पा, पापलेट कमी झालंय म्हणून दिला मान. पालघरकडं सातपाटीचे कोळी कधीपासून सांगतायत, बारीक पिलंच जाळ्यात धरली जातात, मोठं व्हायला माल उरत नाही. राज्यमासा म्हटलं की निदान जपण्याचं बोलणं तरी सुरू होतं. शेकरूचं तेच, खारफुटीचं तेच. जे घटत चाललंय त्याला चिन्ह करतात."

"मग कांद्याचंपण घटत चाललंय."

"काय?"

"भाव."

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

माईंनी मोबाइल पुढं केला. सुनेनं नातीच्या वहीचं पान पाठवलं होतं, जॉर्जियाची सगळी चिन्हं रंगीत चित्रांसह. पक्षी ब्राउन थ्रॅशर. फळ पीच. पीक भुईमूग. त्याखाली भाजी, आणि भाजीचं चित्र बघून आप्पांनी डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"हा तर कांदा आहे!"

कांदाच होता. व्हिडालियाचा गोड कांदा, जॉर्जियाची राज्यभाजी, १९९० पासून.

आता मला जे ठाऊक होतं ते सांगणं भागच होतं, आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट निफाड तालुक्यात सांगायला मला केव्हापासून कोणी मिळत नव्हतं. १९३१ मध्ये जॉर्जियात मोझ कोलमन नावाच्या शेतकऱ्यानं कांदा लावला. निघाला तो तिखट नाही, गोडसर. त्याला वाटलं, फसलो. पण गिऱ्हाईक तो मागून घ्यायला लागलं. कारण मातीत होतं. त्या भागाच्या जमिनीत गंधक कमी. कांद्याचा तिखटपणा आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही गंधकाच्या संयुगांमुळे, गंधकच कमी मिळालं की कांदा गोड राहतो. नाव झालं, भाव आला, आणि मग दुसरीकडचा कांदा व्हिडालियाच्या नावानं विकायला लोकांनी सुरुवात केली. तेव्हा १९८६ मध्ये जॉर्जियानं कायदाच केला. ठरावीक वीस काउंट्यांमध्ये पिकलेल्या कांद्यालाच ते नाव लावायचं. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यापेक्षा जरा मोठा कारभार समजा. शिवाय दर वर्षी तिथला कृषी आयुक्त एप्रिलमधली एक तारीख ठरवतो. त्याआधी कच्चा माल व्हिडालिया म्हणून बाजारात काढायचा नाही.

"तारीख ठरवतो?" आप्पा म्हणाले. "आम्हालापण तारीख मिळती. ८ डिसेंबर २०२३. निर्यातबंदी. त्या दिवशी लाल कांदा शेतात तयार उभा होता. उठवली ४ मेला, मधली सगळी थंडी गेली. त्यांच्या सरकारनं तारीख दिली माल चांगला निघावा म्हणून. आमची तारीख माल निघूच नये म्हणून."

"टेक्सासचीही राज्यभाजी कांदाच आहे," मी म्हटलं, "१९९७ पासून. आणि युटानं २००२ मध्ये केली."

"तीन राज्यांची?"

"निदान तीन."

आप्पा मेंदीवर रेलून उभे राहिले. मेंदी वाकली. "अन् महाराष्ट्राची भाजी कोणती?"

"नाही कोणती."

इथं मी माझं मत सांगून टाकते. निफाडच्या पाण्यावर वाढलेल्या कोणत्याही माणसाला हे बोचणारच. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून जग लासलगावचं नाव घेतं. लासलगावच्या कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आप्पांचं म्हणणं, मानांकन मिळालं ते कागदावर. लिलावात ट्रॅक्टर उभा राहिला की व्यापारी साइज बघतो, रंग बघतो, पत्ती बघतो, मानांकन काही विचारत नाही. जॉर्जियावाल्यांनी चिन्ह नंतर केलं, त्याआधी चार वर्षं कायदा केला. आधी नाव जपलं, मग गौरव. आपल्याकडे गौरवाचं भाषण आधी होतं आणि पुढचं भाषण पुढच्या निवडणुकीला.

"पण माल त्यांचा टिकत नाही हं आप्पा. गोड कांदा लवकर सडतो."

"सडणारच! गोड कांदा म्हंजी कांदा कसला? आपला उन्हाळ दिवाळीपर्यंत चाळीत राहतोय." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलला की व्हिडालियाचा पराभव तिथल्या तिथं झाला.

माईंना वेगळीच काळजी. "बाई, समजा कांदा झाला राज्यभाजी. मग भाव पडला की आपली माणसं ट्रॉली रस्त्यावर ओतत्यात, ते चालंल का?"

"राज्यचिन्हाचा अवमान होईल."

"म्हंजी भाव नाही तो नाही, वर पोलीस केस."

"अन् मंत्री म्हणतील," आप्पांनी भर घातली, "कांद्याला आम्ही एवढा मान दिला, आता भाव कशाला मागता?"

हसता हसता आप्पा थांबले. १९८० साल काढलं त्यांनी. शरद जोशींचं कांदा-उसाचं आंदोलन, मुंबई-आग्रा रस्ता गाड्यांनी अडवलेला, माणसं भाकरी बांधून रस्त्यावर. आप्पा तेव्हा विशीतले. इथं जवळ खेरवाडीला रेल्वे रोखली, गोळीबार झाला, शेतकरी गेले. कांद्याच्या भावासाठी. "चिन्ह करायचं तर त्यांचं नाव असलेला एखादा दगड करा," एवढंच म्हणून त्यांनी फडकं परत डोक्याला बांधलं.

माईंनी हळूच मोबाइलकडं पाहिलं. पोरगी अजून जागी होती. तिनं विचारलं होतं, इतिहास पाच ओळीत.

पाच ओळीत महाराष्ट्र बसवायचा म्हणजे मला शाळेतल्या परीक्षकांची आठवण झाली. १९५६ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच मुंबई राज्य केलं. लोकांना ते मान्य नव्हतं. त्याआधीच फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या, पुढंही चालल्या, शंभरावर माणसं गेली. तिथंच आज हुतात्मा चौक आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. जॉर्जियाचं नाव तसं स्वस्तात पडलं. १७३२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजानं सनद दिली, त्याच्याच नावानं वसाहत. "राजाचं नाव लावलं म्हंजी नारळ फोडायचा खर्च त्यानं केला असंल," माई म्हणाल्या.

"यशवंतराव तर आपलेच खासदार होते," आप्पांनी मधे तोंड घातलं.

ते खरं आहे. चीनच्या युद्धाच्या वेळी नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला नेलं. खासदार तर व्हायला हवं, म्हणून १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून उभे राहिले आणि बिनविरोध निवडून आले. एकही माणूस विरोधात नाही. माईंना यावर विश्वास ठेवायला वेळ लागला. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा तेवढं जमत नाही.

गाण्यावर दोन्ही राज्यांची गाठ चांगली पडली. आपलं राज्यगीत नागपूरच्या राजा बढ्यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. ऐकत सगळे वाढले, पण राज्यगीताचा मान मिळाला २०२३ मध्ये, आणि कार्यक्रमात म्हणायला त्यातली दोनच कडवी घेतली, एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांत बसतील अशी. नद्यांच्या नावांत आपली गोदावरी आहे, म्हणून आप्पा त्या ओळीला कॉलर ताठ करतात. जॉर्जियाचं गाणं १९३० चं, पण गाजलं ते रे चार्ल्सनं १९६० मध्ये गायलं तेव्हा. रे चार्ल्स मूळचा जॉर्जियाचाच, अंध, काळा गायक. १९७९ मध्ये तिथल्या विधिमंडळानं ते राज्यगीत केलं आणि त्यालाच बोलावून गायला लावलं. शाहिरांचा मान झाला तेव्हा मात्र ते हयात असायला हवे होते. हे माझं म्हणणं. आप्पा म्हणाले, इथं जिवंतपणी मान मिळाला तर माणूस काहीतरी मागून बसेल अशी भीती असती.

"गमतीचं काहीतरी सांगा म्हणती," माई म्हणाल्या. "फन का काय ते."

"तिला सांगा, तिची आई अमेरिकेला गेली तो पासपोर्ट नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेला होता. भारताचे पासपोर्ट तिथंच छापतात."

"हे तर मलाही माहीत नव्हतं!"

"न्यायमूर्ती रानडे निफाडात जन्मले, १८४२ मध्ये. कुसुमाग्रज लहानपणी पिंपळगाव बसवंतच्या शाळेत होते. लढाऊ विमानं ओझरला बनतात, तेही आपल्याच तालुक्यात."

आप्पांनी बोटं मोजली. विमान, कवी, न्यायमूर्ती, कांदा, द्राक्ष. "एवढं सगळं एका तालुक्यात अन् राज्याला खार सापडली."

"त्यांच्याकडंही गंमत आहेच. जॉर्जिया स्वतःला पीचचं राज्य म्हणवतं, गाड्यांच्या नंबर प्लेटवर पीच, पण बहुतेक वर्षी पीच जास्त पिकतं शेजारच्या साउथ कॅरोलिनात. आणि अमेरिकेतल्या सात राज्यांनी एकच पक्षी निवडलाय, तो लाल कार्डिनल. त्यांच्या गेन्सव्हिल गावानं १९६१ मध्ये नियम केला, तळलेली कोंबडी काट्यानं खायची नाही, हातानंच खायची. गाव कोंबड्यांच्या धंद्याचं, जाहिरातीसाठी केलेली गंमत."

"हे मात्र सुनेला ऐकवते," माई म्हणाल्या. "मागल्या खेपेला आली तर पोरीला भाकरी चमच्यानं भरवत होती."

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला कॉलेजला जाणारा पोरगा थांबला. सायकलवरूनच त्यानं विचारलं, "मग आपल्या सायखेड्याचं चिन्ह काय, बाई?"

"द्राक्ष," मी म्हटलं.

"कांदा," आप्पा.

"पाणवेल," तो म्हणाला आणि पेडल मारलं.

कोणी काही बोललं नाही, कारण पोरगा खोटं बोलला नव्हता. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की नाशिककडून पाणवेलींचे गालिचे वाहत येतात आणि चांदोरी-सायखेडा पुलाला अडकतात. यंत्रं लावून ओढाव्या लागतात. २०१९ च्या पुरात ज्यांनी पुलावर उभं राहून पाणी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ती वनस्पती इथली नाहीच, दक्षिण अमेरिकेतून आली. जॉर्जियाला तसला त्रास कुडझूचा आहे. जपानहून आणलेला वेल, १९३० च्या दशकात सरकारनंच मातीची धूप थांबवायला लावायला सांगितला आणि आता घरं, खांब, झाडं गिळत सुटलाय. शोभेचं म्हणून आणायचं, नाहीतर उपयोगाचं म्हणून लावायचं, पुढं उपटता उपटता पिढ्या जायच्या.

"कुडझूपण चिन्हात आहे का?" माईंनी विचारलं.

"नाही."

"मग पाणवेलपण नको. पोरीच्या शाळेत आपली अब्रू."

त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला, निरोप रेकॉर्ड करायला लागल्या. शेकरू, हरियाल, ताम्हण, आंबा, नीलवंत, पापलेट सगळं न अडखळता सांगितलं. चिप्पीला जरा अडखळल्या, मी कुंपणावरून ओठ हलवून दाखवले. वाटलं संपलं. पण माईंनी आप्पांकडं एकदा पाहिलं आणि बटण दाबलेलंच ठेवलं.

"अन् भाजी कांदा. कायदा अजून झाला नाही, पण तू लिही बाळा. आजोबा बघून घेतील."